रांगण्यापुरती जमीन

शुक्रवार, १४ नोव्हेंबर, सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटे. याच वेळी शेवंताताई झाडे यांनी तीस वर्षे चालवलेल्या अंगणवाडीच्या अंगणात फरसबंदीचे ट्रॉलीभर सिमेंटचे गट्टू ओतण्यात आले. ताईंच्या पंचाहत्तरीनिमित्त गौरव समिती या अंगणाचे सुशोभीकरण करणार आहे. मधोमध रंगीत गट्टूंनी त्यांचे नाव काढायचे आहे. याच समितीने या गौरवग्रंथासाठी माझ्याकडे 'चार गोड शब्द' मागितले. गोड शब्द माझ्याकडे आहेत, पण ते शेवंताताईंसाठी आहेत.

मी त्यांना प्रथम पाहिले, त्याला चाळीस वर्षे झाली. पर्यवेक्षिका म्हणून माझी नवी नेमणूक होती. शिक्षण नागपूरच्या कॉन्व्हेंटमधले, साडी इस्त्रीची आणि हातात एक छापील तक्ता: मूल मान कधी धरते, बसते कधी, रांगते कधी, दोन शब्द कधी जोडते. अल्लीपूरला एसटीतून उतरून पुढचा रस्ता बैलबंडीने काढला. पोहोचले तर अंगणात वीसेक मुले मातीत लोळत होती. सिस्टरांनी आम्हाला लावलेली शिस्त मी जागच्या जागी लागू केली. "हाताची घडी, तोंडावर बोट." त्या चिमुरड्यांनी बोटे तोंडात घातली आणि मन लावून चोखू लागली. शेवंताताईंनी हसू पदराआड दाबले. "झाली शिस्त, म्याडम. आता घंटाभर कोणी बोलत नाई."

मी चिडले होते, हे कबूल करते. पुढे मात्र त्या अंगणाकडे पाहण्याची नजर मला ताईंनीच दिली. नाल्याकाठची माती आणून, चाळून त्यांनी ती पसरली होती. दर सोमवारी त्या स्वतः खडे वेचत, पाणी शिंपडत. एका कोपऱ्यात मुद्दाम उंचवटा ठेवला होता, कारण सपाट जागेवर मुलाला तोल सांभाळायची गरजच पडत नाही. हे त्यांना कोणत्या प्रशिक्षणात शिकवले, असे मी विचारले, तेव्हा त्या पुढचा खडा वेचू लागल्या.

दुर्गा नावाची मुलगी चौदा महिन्यांची होऊनही रांगत नव्हती. मी तक्ता पाहिला आणि रजिस्टरमध्ये तिच्या नावापुढे एक शब्द लिहिला: मंद. शेवंताताईंनी तो वाचला. त्यांचा आवाज चढला नाही.

"म्याडम, हे पोरगी मंद नाई. हिले जमीनच भेटली नाई."

ते खरे होते. कापूस वेचायच्या दिवसांत तिची आई तिला शेताच्या धुऱ्यावरच्या झाडाला झोळीत बांधून ठेवायची, कारण खाली विंचवाकाट्याचे भय. घरी आल्यावर आजीची कड. त्या पोरीच्या तळहातांना जमीन ठाऊकच नव्हती. ताईंनी तीन महिने मागितले. रोज त्या तिला मातीवर पालथी घालत आणि घरच्या मळ्यातले एक जांभळे वांगे तिच्या हातापासून वीतभर दूर ठेवत. पहिल्या आठवड्यात दुर्गा नुसती रडली. नंतर कोपरांवर उठली. तिसरा महिना संपायच्या आत तिने वांगे गाठले आणि चावलेही.

मी लाजून तो शब्द खोडायला पेन काढले, तर ताईंनी हात धरला. "खोडू नोका. खाली लिहा. खोडलं तं पुढच्याले वाटन, म्याडम कधी चुकल्याच नाई."

त्या नोकरीत मला शिकवणारे वरिष्ठ पुष्कळ भेटले. असे शिकवणाऱ्या शेवंताताई एकट्याच. आणि त्यांना कोणी भाबडे समजू नये. माती मिळूनही जी मुले उठली नाहीत, त्यांना त्या स्वतः एसटीने वर्ध्याच्या दवाखान्यात घेऊन गेल्या. मातीचे काम कुठे संपते, हे त्यांना कळत होते.

मुलांच्या मनाचेही त्यांना तितकेच कळत होते. नवे मूल आले की त्याच्यासोबत आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा मागवत. मी त्या चिंध्यांना अस्वच्छ म्हटले आणि एकदा सगळ्या धुवायला लावल्या. दुसऱ्या दिवशी पाच मुलांनी दुपारपर्यंत रडून अंगणवाडी डोक्यावर घेतली. "वास धुतला ना तुम्ही आईचा," ताई म्हणाल्या. 'आई आत्ता येते' असे त्यांनी कोणत्याही लेकराला सांगितले नाही. "आई वेचाले गेली, दिवस बुडता येईन," एवढेच सांगत. खरे ऐकून मूल रडते आणि मग शांत होते. खोटे ऐकले की पुढच्या दिवशी दारातून आतच येत नाही, हा त्यांचा अनुभव.

निवृत्तीनंतरही त्यांचा सोमवार चुकला नाही. गुडघे दुखतात, म्हणून आता पाटावर बसून खडे वेचतात.

आता त्या शुक्रवाराबद्दल. बालदिनाला मला बोलावले होते, म्हणून मी तिथे हजर होते. गट्टूंचा ढीग पाहून ताई थबकल्या. समितीचे अध्यक्ष कौतुकाने म्हणाले, "मावशी, आता चिखल नाई राह्यणार. तुमच्यासाठीच करून राह्यलो."

"बाबू, तू याच मातीत बसाले शिकला."

"म्हणूनच तं, मावशी."

ताई पुढे काही बोलल्या नाहीत. आपल्या सन्मानाला नाही म्हणणे त्यांना जमत नाही, आणि समितीने त्या गप्प बसण्याला होकार मानले. कार्यवृत्तात 'सत्कारमूर्तींच्या संमतीने' असे लिहिलेले मी वाचले आहे. ते खोटे आहे. मी तिथे होते.

गट्टूंवर मोठी माणसे चपला घालून छान चालतील. नऊ महिन्यांचे लेकरू त्यावर गुडघे सोलून घेईल, आणि दोनदा सोलले की रांगायचे सोडून कडेवर घ्या म्हणून हात वर करेल. मग कोणीतरी माझ्यासारखी शहाणी येईल आणि रजिस्टरमध्ये एक शब्द लिहील.

शेवंताताईंना उदंड आयुष्य लाभो. गुडघ्यांना आराम मिळो, सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, वाफ्यात सकाळचे ऊन मिळो, आणि ज्या अंगणात त्यांनी गावाला उभे राहायला शिकवले, त्या अंगणात त्यांना आणखी पुष्कळ लेकरे पालथी घालता येवोत.

हा ग्रंथ डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात वाचकांच्या हाती पडेल. गट्टू बसवायचे काम नव्या वर्षात सुरू होणार आहे. ढीग उचलणार की नाही, याचे लेखी उत्तर समितीने बुधवार, ३१ डिसेंबर, संध्याकाळी पाच वाजेपर्यंत मला द्यावे. त्यावर अध्यक्षांची सही असावी. 'बघू' हे उत्तर धरले जाणार नाही.