मास्तरांच्या ओट्यावर शिकलेली क्लॅरिनेट

आमच्या मास्तरांकडे वाजवायला शिकलेले दोघे कुठेही भेटले, की तिसऱ्याला बोलायला मिळत नाही. एकानं एक किस्सा काढला, की दुसऱ्याला त्याहून मोठा आठवतो. भाजी आणायला निघालेला माणूस पिशवी खाली ठेवतो, आणि घरी चूल पेटून विझते! मी तर वाशीमला त्यांच्या ओट्यावर दोन वर्षं काढली. माझ्याकडे किती साठले असतील, बघा.

मास्तर पलटणीच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवून पेन्शनीत आलेले. पुढे ओटा, मागे भाजीचा मळा. मी कोर्टात नकलनवीस. भरभर लिहिणं एवढाच माझा हुन्नर, आणि क्लॅरिनेटचीही मला घाईच होती. धाकट्या बहिणीला, गोदीला, मी शब्द देऊन बसलो होतो, "तुह्या लग्नात नवरदेवापुढं मीच वाजवीन!" मास्तरांचा नियम असा, की त्यांनी हो म्हटल्याशिवाय चारचौघांत वाजवायचं नाही. गोदीला स्थळं येऊ लागली होती, आणि माझा जीव टांगणीला!

*

पहिल्या दिवशी मी अकोल्याहून आणलेली जुनी क्लॅरिनेट मोठ्या ऐटीत पुढे ठेवली. मास्तरांनी तिचा तोंडात धरायचा तुकडा काढून माझ्या हातात दिला. बाकीची फडक्यात गुंडाळून खुंटीला टांगली!

"एवढंच फुंक."

"किती दिवस, मास्तर?"

"इचारलं म्हून आठ दिवस जास्त!"

मी फुंकू लागलो. थोड्या वेळानं आतून मास्तरांच्या पत्नी, सगळ्यांच्या बाई, ओरडल्या, "अवो, बकरी अडकली का कुठी, पाहा ना जरासं!"

मास्तर जागेवरून म्हणाले, "बकरी नाई, कोर्टवाला हाये!"

*

श्रीपत हा माझा जोडीदार. घरची वांग्या-मिरच्यांची बागायत. त्याला मास्तरांनी सॅक्सोफोन दिला. घरात बाप वाजवू देईना, म्हणून तो मळ्यात मोटेवर जाऊन वाजवायचा. मोट हाकायला गडी होता, हा विहिरीच्या काठावर बसून सूर लावायचा.

महिन्याभरात बैलांना सवय झाली. सॅक्सोफोन सुरू झाला की निघायचे, थांबला की उभे! पुढे श्रीपत आठ दिवस मामाकडे गेला आणि इकडे बैल हलेनात. गड्यानं गाणी म्हटली, शिव्या दिल्या, काही उपयोग नाही.

त्याचा बाप तणतणत ओट्यावर आला. "मास्तर, मिरच्या वाळून राह्यल्या! एक तं पोराले लवकर बोलवा, नाई तं बैलाईले शिकवा!"

मास्तरांनी शांतपणे विचारलं, "कोन्ता बैल? डावा का उजवा?"

*

लांब सूर शिकवायची मास्तरांची एक खास तऱ्हा होती. पुढ्यात मेथीची जुडी घेऊन ते निवडायला बसायचे. जुडी निवडून होईपर्यंत मी एकच सूर लावायचा. श्वास संपला की घ्यायचा, पुन्हा तोच सूर! आणि मास्तर एकेक पान असं खुडायचे, की जणू त्याला लागेल.

मला तो सूर छळायचा. पाय वळवळायचे, पाठ खाजायची. गोदीला पाहायला आज कोण आलं असेल, हेच डोक्यात. शेवटी मी एक युक्ती केली. श्वास घेताना हळूच हात घालून मीही चार काड्या निवडू लागलो. कोर्टातला हात तो, झरझर चालला! जुडी अर्ध्या वेळात खलास. मी मनात खूश.

मास्तरांनी आत हाक मारली, "बाई, आज माणूस मदतीले हाये. तीन जुड्या आना!"

*

गोदीचं लग्न ठरलं. वैशाखातलीच तिथी. माझ्याच्यानं विचारवेना, तेव्हा बाबाच आमच्या गावाहून, रिठदहून, बैलगाडी जुंपून मास्तरांची परवानगी मागायला आले. भर दुपारची वेळ, बाबांचा घसा कोरडा. ओट्यावर तांब्याच्या पेल्यात पाणी होतं. बाबांनी ते घटाघटा तोंडात ओतलं.

त्या पाण्यात मास्तरांनी क्लॅरिनेटची पत्ती भिजत घातली होती! ही बोरूची पातळ पत्ती तोंडाच्या तुकड्याला बांधतात, तिच्यातूनच सूर निघतो. आमच्याकडच्या उन्हात ती कोरडी पडली की चिरते. मास्तरांजवळ चांगली अशी ती एकच उरलेली. बाबांचे गाल फुगलेले, डोळे मोठे, आणि ओठांतून पत्तीचं टोक बाहेर!

मास्तर उठून उभे राहिले. "हलू नका! चावू नका! आता बारीक फुंका!"

बाबांनी घाबरून दात आवळले. कट्कन आवाज आला.

परवानगीचा विषय त्या दिवशी निघालाच नाही. बाबा गाडीत बसताना एवढंच म्हणाले, "दवलत, तुहं तू पाह्य."

*

मग मीच विचारलं. लग्न चार दिवसांवर होतं.

"मास्तर, वाजवू?"

"नाई."

"काहून?"

"पयते तू, लय घाई करते. एक सूर धड लागत नाई का दुसऱ्यावर उडी! नवरदेव घोड्यावर येऊन राह्यला का रेल्वेत?"

मला रडू आलं. खरंच आलं. दोन वर्षं बकरी झालो, मेथी निवडली, आणि बहिणीपुढे खोटा पडणार! त्या रात्री मी गादीवर नुसता या कुशीवरून त्या कुशीवर.

*

लग्नाच्या दिवशी दुपारी नवरदेव रिठदच्या पारावर आला. तिथून त्याला मांडवापर्यंत वाजत न्यायचं. बँड वाशीमचा, सगळे मास्तरांच्याच हाताखालून गेलेले. मी घरून निघालो तेव्हा गोदी मुंडावळ्या बांधून खिडकीत उभी होती आणि माझ्याकडे बघत होती. मी नियम मोडायचं ठरवलं. बँडच्या पुढे जाऊन उभा राहिलो आणि क्लॅरिनेट ओठांना लावली.

तेवढ्यात पाराजवळ एक गाडी थांबली आणि तीतून मास्तर उतरले.

मी क्लॅरिनेट ओठांवरून खाली घेतली. बँडवाले बाजूला सरले. मास्तर सरळ माझ्यापुढे आले. मी मान खाली घालून क्लॅरिनेट त्यांच्यापुढे धरली. म्हटलं, आता तुम्हीच वाजवा.

त्यांनी ती घेतली नाही. ते बँडच्या पार मागच्या टोकाला गेले. तिथे झांजवाला उभा असतो. ज्याला दुसरं काही येत नाही, त्याच्या हाती झांज देतात. क्लॅरिनेटवाला तिला बोटही लावत नाही. मास्तरांनी त्याच्या हातातली झांज काढून घेतली आणि पहिला ठोका दिला.

मी सुरू केलं. दहा पावलांतच पळायला लागलो. मागची झांज काही पळेना! मी ओढतोय आणि ती आपल्या चालीनं येतेय. मारुतीच्या देवळापाशी मी हरलो आणि तिच्या पावलानं चालू लागलो. मांडव कधी आला कळलं नाही. खिडकीतून गोदी रडत होती आणि हसत होती.

बाबा मानाचा शेला आणि नारळ घेऊन लगबगीनं मास्तरांकडे गेले. मास्तरांनी झांज बगलेत मारली आणि हात मागे घेतले.

"थांबा भाऊ. आधी क्लॅरिनेटवाल्याले द्या. झांजवाल्याचा नंबर शेवटी असते!"