उद्याचं विमान आणि तिजोरीतला पासपोर्ट

मंडळी, डोकं फिरलंय, म्हणून कॅफेत येऊन हे लिहितोय.

उद्या शुक्रवारी सकाळी माझं शारजाहून मुंबईचं विमान. तिकडे सोलापूरहून आई, बाबा आणि बहीण सुमन रत्नागिरीला येणार, मंगळवारपर्यंत समुद्रावर राहणार. तीन वर्षांनी सगळे एकत्र.

पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत, इथे सगळ्यांचाच तिथे असतो. आज गुरुवार, ऑफिस अर्धा दिवस, उद्या शुक्रवारची सुट्टी, म्हणून व्हिसाची कामं बघणाऱ्या पीआरओने बजावलं होतं, एकच्या आत घेऊन जा. कामावरून निघालो वेळेत. पण वाटेत रोल्लाच्या बाजारात एक जण फुटपाथवर भाजी किसायचं यंत्र विकत होता, गाजराची फुलं काढून दाखवत होता. बघत उभा राहिलो. आईसाठी एक घेतलंही.

पोचलो दीडला. वॉचमन म्हणाला, "पीआरओ निकल गया, चाबी उसके पास. खलास. अब शनिवार, इन्शाल्ला."

पीआरओचा मोबाईल बंद. ट्रॅव्हलवाल्याकडे पुढची सीट थेट बुधवारची. तोवर सगळे सोलापूरला परत.

घरी फोन केला. सुमन म्हणाली, "गाजरं बघत बसलास, दादा? आईला तूच सांग, मी नाही सांगणार." मागून आईचा आवाज आला, "विचार गं, किती वाजता उतरतोय?" मी फोन ठेवला.

चूक माझी, मान्य. पण पासपोर्ट माझ्या खिशात असता, तर गाजरं बघूनही मी उद्या विमानात असतो. तुमच्यापैकी कुणी स्वतःचा पासपोर्ट स्वतःकडे ठेवायला मागितलाय का? काय म्हणाले कंपनीवाले?