ओसाकाचे चौसष्ट फोटो

शशिधर नाबर यांनी लेस्टरमध्ये एकतीस वर्षं बस चालवली. मी २००१ साली पुण्याहून इथल्या हॉस्पिटलच्या आयटी डिपार्टमेंटमध्ये नोकरीला आले, तेव्हा आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर होतं. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी कुंपणापलीकडून मला हॉस्पिटलचा रस्ता सांगितला. बस कुठे बदलायची, उतरल्यावर कुठल्या बाजूला तोंड करून उभं राहायचं, सिग्नल किती, सगळं. मी लिहून घेतलं नव्हतं, तरी दुसऱ्या दिवशी न चुकता पोचले. मी त्यांना शशिधरकाका म्हणू लागले आणि त्यांच्या बायकोला सुनीतीकाकू.

काका मूळचे बेळगावचे. १९७३ साली इथे आले, दोन वर्षं होजिअरी मिलमध्ये काढली आणि मग सिटी बसवर लागले. बोलणं मोजकं. कुणाच्या घरी जाऊन आले की तिथलं जेवण कसं होतं यापेक्षा तिथवरचा रस्ता कसा होता ते सांगायचे. काकूंनी बरीच वर्षं शाळेच्या किचनमध्ये काम केलं होतं. त्या बोलक्या होत्या. एकच मुलगी, ईशिता, बर्मिंगहॅमला ऑप्टिशियन.

२००६च्या जानेवारीत काका रिटायर झाले आणि ईशिताने आईवडिलांना जपानच्या टूरवर पाठवायचं ठरवलं. एप्रिलची, नऊ दिवसांची, लेस्टरच्याच एका एजन्सीची टूर होती. शेवटचे दोन दिवस ओसाकात. त्यातला एक दिवस मोकळा ठेवला होता, ज्याने त्याने आपापलं फिरावं म्हणून. एजन्सीने त्या दिवसासाठी एक कागद दिला होता, शहरातल्या फोटो काढण्यासारख्या जागांचा. किल्ला, जुन्या वस्तीतला लोखंडी मनोरा, कालव्याकाठी धावणाऱ्या माणसाची मोठी पाटी, तिथेच एका हॉटेलच्या दारात ढोल वाजवणारा यांत्रिक जोकर, आणि वर बागेने जोडलेल्या दोन उंच इमारती. काकांनी निघण्याआधीच त्या कागदावर पेन्सिलने क्रम घालून ठेवला होता.

परत आल्यावर दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले. काकूंनी चहा दिला आणि ओसाकाचं नाव काढताच म्हणाल्या, "ओसाका मी पाहिलंच नाही. मी हॉटेलची लॉबी पाहिली."

झालं होतं असं. त्या मोकळ्या दिवशी सकाळी काकूंच्या टाचेला फोड आला होता. काका फिरायला तयारच होते, गळ्यात कॅमेरा, खिशात तो कागद. म्हणाले, खालच्या दुकानातून पट्टी घेऊन येतो. गेले ते आलेच नाहीत. काकू आधी खोलीत थांबल्या, मग लॉबीत. टूरबरोबर आलेला हरीश नावाचा मॅनेजर फोनवर फोन करत होता. संध्याकाळी साडेपाचला जवळच्या पोलीस चौकीतून फोन आला, की तुमच्या हॉटेलचं कार्ड खिशात असलेले एक गृहस्थ इथे बसलेत. काकू आणि हरीश धावत गेले. काका प्लॅस्टिकच्या खुर्चीवर कागदी कपातून चहा पीत बसले होते. मांडीवर पट्ट्यांचं खोकं होतं, सील न उघडलेलं.

"मी विचारलं, कुठे होतात? तर म्हणाले, हरवलो होतो," काकू म्हणाल्या. "बाकी काही नाही. विमानातसुद्धा एवढंच. एकतीस वर्षं बस चालवलेला माणूस."

काका खिडकीपाशी बसून बाहेर बघत होते. मला वाटलं, ओशाळले असतील.

पुढच्या शनिवारी ईशिता आली. तिने कॅमेरा कॉम्प्युटरला जोडला आणि मलाही हाक मारली. टोकियोचे फोटो झाले, मंदिरं झाली, आणि मग ओसाका सुरू झालं.

"बाबा, तू तर सगळीकडे गेला होतास," ईशिता म्हणाली. "हे बघ, किल्ला. काय मस्त फोटो आला आहे."

किल्ल्यापुढे काका उभे होते. मागे चेरीचा बहर, वर हिरवी छपरं. मग मनोऱ्याखाली काका. मग त्या जोकराशेजारी काका, आणि चक्क हसत होते. काकांना हसताना मी पाहिलं होतं, पण दात दिसतील असं नाही. ईशिता एकेक फोटो पुढे नेत होती. एकूण चौसष्ट होते. काहींत त्यांच्या शेजारी एक जपानी बाई होती, साठीच्या आसपासची, डोक्यावर जांभळट टोपी. किल्ल्यापाशी ती होती आणि मनोऱ्यापाशीही होती.

काकू खुर्चीच्या मागे उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "ही कोण?"

काका स्क्रीनकडे बघत होते. त्यांचा चेहरा मला आजही आठवतो. दुसऱ्याच कुणाचे फोटो दाखवून तुमचे आहेत म्हणून सांगावं, तसा.

"माहीत नाही," ते म्हणाले.

"माहीत नाही म्हणजे? दोन ठिकाणी शेजारी उभी आहे."

"खरंच माहीत नाही, सुनीती."

"मी तिथे लॉबीत आलेल्या पोलिसांना तुमचा फोटो दाखवत होते. हरीश हॉस्पिटलांना फोन करत होता. आणि तुम्ही जोकराबरोबर फोटो काढत होतात." काकूंचा आवाज चढला नाही, त्यामुळे ते जास्तच वाईट वाटलं. "हरवलो होतो म्हणालात. हरवलेला माणूस असा दिसतो?"

ईशिताने विषय बदलायला फोटोंच्या वेळा बघितल्या, तर पहिल्याच फोटोवर रात्रीचे अडीच. काकू म्हणाल्या, आता हे काय? थोड्या वेळाने ईशिताच्या लक्षात आलं की कॅमेऱ्याचं घड्याळ इंग्लंडच्या वेळेवरच राहिलं होतं. म्हणजे जपानची सकाळ, साडेदहा. तेवढा एक घोळ सुटला. बाकी सगळा तसाच राहिला.

त्यानंतर महिनाभर त्या घरात फारसं बोलणं नव्हतं. काकू कुंपणापाशी येऊन मला सांगायच्या, "चौतीस वर्षांच्या संसारात हे माझ्याशी कधी खोटं बोलले नाहीत गं. आता बोलतायत, तर ते तरी नीट बोलावं." काका बागेत बसलेले असायचे, हातात एजन्सीचा तो कागद. मी एकदा जवळ गेले, तर मनोऱ्याच्या नावावर बोट ठेवून म्हणाले, "ऋजुता, हा किल्ल्याच्या दक्षिणेला आहे, बरोबर?" मी म्हटलं, काका, तुम्हीच जाऊन आलात. ते म्हणाले, "हो. तेच." आणि कागद घडी करून खिशात टाकला.

लेस्टरच्या आमच्या मराठी मंडळात दर दोन महिन्यांनी कुणीतरी प्रवासाचे फोटो दाखवतं. जूनमध्ये नाबरांना विचारलं, तेव्हा काका काही म्हणायच्या आत काकूंनी हो सांगून टाकलं. "सगळं ओसाका बघितलंय त्यांनी. सांगतील की."

शाळेच्या हॉलमध्ये चाळीसेक माणसं होती. प्रोजेक्टर मी सांभाळत होते. काकांनी तयारी केली होती. किल्ला मूळ कधीचा, नंतर पुन्हा कधी बांधला, मनोऱ्याची उंची किती, सगळं कार्डांवर लिहून आणलं होतं, ते वाचून दाखवत होते. लोक कौतुकाने ऐकत होते. काकू पहिल्या रांगेत, पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

जयंत फणसळकर म्हणून आमच्यात एक इंजिनियर आहेत. कामासाठी सहा महिने ओसाकाला राहिलेले. त्यांनी अगदी आपुलकीने विचारलं, "शशिधरराव, किल्ल्यावरून मनोऱ्यापाशी कसे गेलात? लूप लाइनने की मेट्रोने?"

काकांनी हातातली कार्डं चाळली आणि पुन्हा पहिल्यापासून चाळली.

"चालत तर नसाल गेलात, बरंच लांब आहे ते," फणसळकर म्हणाले.

लोकांना वाटलं असेल की काका आठवतायत. मला मात्र भीती वाटली, कारण रस्ता विचारल्यावर काकांना थांबलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी कार्डं टेबलावर ठेवली.

"मला आठवत नाही," ते म्हणाले. "कसा गेलो, ते नाही आठवत. गेलो होतो, तेही नाही आठवत. फोटोत मी आहे, म्हणजे गेलो असणार. मी पट्ट्या घ्यायला दुकानाच्या दारापर्यंत गेलो. दार आपोआप उघडलं. त्यानंतर एकदम पोलीस चौकीतला चहा. मधलं काही नाही."

काका फक्त काकूंकडे बघून पुढे म्हणाले, "तुला सांगायला मला लाज वाटत होती. हरवलो म्हणणं त्यातल्या त्यात बरं वाटलं."

काकू उठल्या. पर्स खाली पडली, ती उचलायलाही थांबल्या नाहीत. काकांच्या दंडाला धरून त्यांना खुर्चीवर बसवलं आणि मला म्हणाल्या, "बंद कर ते."

सोमवारी त्या स्वतः काकांना जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, घेऊन गेल्या, आणि तिथून तीन आठवड्यांनी हॉस्पिटलमध्ये मेंदूच्या डॉक्टरांकडे. ईशिताही आली होती. तिने सगळे फोटो ओळीने छापून नेले होते, आणि ते तसे लावल्यावर तिला एक गोष्ट दिसली, जी आम्हा कुणालाच दिसली नव्हती. जोकराचे फोटो चौदा होते. प्रत्येकात काका तसेच उभे, तसेच हसरे, पण काढणारा दर वेळी वेगळा असावा. कुठे काका मध्यभागी, कुठे त्यांचं डोकं कापलेलं, कुठे फोटो तिरका. दोन फोटोंमध्ये पाच-सात मिनिटांचं अंतर. म्हणजे काका फोटो काढून घ्यायचे, कागद बघायचे, आणि जोकराचा फोटो राहिलाय असं वाटून पुन्हा कुणालातरी विनंती करायचे. चौदा वेळा.

डॉक्टरांनी ते फोटो बराच वेळ पाहिले. मग त्यांनी एक लांबलचक नाव सांगितलं, ट्रान्झियंट ग्लोबल अम्नीशिया. काही तासांपुरती नवी आठवण साठतच नाही. माणूस चालतो, बोलतो, स्वतःचं नाव सांगतो, पण आत्ता काय झालं ते लगेच निसटतं. का होतं, हे नक्की ठाऊक नाही. स्कॅन चांगला आहे, सहसा पुन्हा होत नाही.

"आणि ती आठवण परत येईल?" ईशिताने विचारलं.

"नाही," डॉक्टर म्हणाले. "ती तयारच झाली नाही."

काकूंना या उत्तराने हायसं वाटलं. नाव मिळालं, दोष कुणाचा नाही हे कळलं. घरी आल्यावर त्यांनी काकांच्या आवडीची आंबोळी केली आणि मलाही बोलावलं. पण काकांचं समाधान झालेलं नव्हतं. जेवता जेवता मला म्हणाले, "डॉक्टर म्हणतात ते पटतं. पण तो दिवस जगलं कोण? मीच ना? मग मला त्याची ओळख का पटत नाही?"

जांभळ्या टोपीच्या बाईचं कोडं मात्र आता काकूंनी अंगावर घेतलं. महिनाभर जिच्यावर त्यांचा राग होता, तिचे आभार मानायचे होते. त्यांचं म्हणणं, काका गोंधळलेले दिसल्यावर तिनेच हात धरून त्यांना किल्ल्यावरून मनोऱ्यापर्यंत नेलं असणार. ईशिताने टूर एजन्सीला लिहिलं, पोलीस चौकीला फोटो पाठवला. एजन्सीकडून काही आलं नाही. चौकीतून दोन ओळींचं नम्र पत्र आलं, की त्या दिवशी नाबर एकटेच आले होते, आणि फोटोतल्या बाईंना इथे कुणी ओळखत नाही. म्हणजे तिने त्यांना कुठे सोडलं, का सोडलं, की तेच तिला विसरून पुढे गेले, हे कळायला मार्ग नाही.

एका दुपारी काकू फोटो घेऊन माझ्याकडे आल्या. "एक बघ," म्हणाल्या. "सगळ्या फोटोंत हे डावीकडे जागा सोडून उभे आहेत. आमच्या लग्नापासून फोटोत मी यांच्या डावीकडे असते." मी बघितलं. बऱ्याच फोटोंत खरंच तसं होतं, सगळ्यांत नव्हतं. काकांना विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "असेलही. किंवा मागचा किल्ला दिसावा म्हणून काढणाऱ्याने सरकायला सांगितलं असेल. मी खोटं कशाला सांगू?" काकू रागावल्या नाहीत. त्यांनी आपल्यापुरतं ठरवून टाकलं होतं.

पुढच्या वर्षी ईशिताने दोघांना पुन्हा ओसाकाला न्यायची तयारी दाखवली. काकू लगेच तयार झाल्या. काका नाही म्हणाले. तिथे गेल्यावर काही ओळखीचं वाटलं तर घाबरायला होईल, आणि काहीच वाटलं नाही तरीही, असं त्यांचं म्हणणं होतं. ते लेस्टरमध्येही काही दिवस बसमध्ये चढताना थबकायचे, खिशातली घरच्या पत्त्याची चिठ्ठी चाचपायचे. हळूहळू ते कमी झालं. २००८ साली मी घर बदललं तोवर ते पुन्हा एकटे मार्केटला जाऊ लागले होते.

जायच्या आधी त्यांच्याकडे जेवायला गेले, तेव्हा वेम्बलीहून काकूंच्या ओळखीचं एक जोडपं आलेलं होतं. भिंतीवर किल्ल्याचा फोटो होता, जांभळ्या टोपीच्या बाईसकट. पाहुण्यांनी विचारलं आणि काकू सांगू लागल्या. ओसाकाची सकाळ, थंड वारा, झाडाखाली उभे असलेले काका, बाईंनी त्यांच्या हातातला कागद वाचून मान डोलावली, मग दोघं स्टेशनवर गेली, गाडीत जागा मिळाली. त्यांनी हे कुठून आणलं कोण जाणे. काही फोटोंतून, काही फणसळकरांना विचारून, काही मनाने. सांगताना त्या जरासुद्धा अडखळत नव्हत्या.

काका पाहुण्यांच्या शेजारी बसून ऐकत होते. काकू पाणी प्यायला थांबल्या, तेव्हा तेच पुढे झुकले.

"मग? गाडीतून उतरल्यावर कुठे गेलो?" त्यांनी विचारलं.