पार्बताबाईचं गाठोडं

महापालिकेची अतिक्रमणाची गाडी लकडगंजात वळली की पार्बताबाई आपलं सगळं घर डोक्यावर घ्यायची. घर म्हणजे गोधडी, स्वयंपाकाचे दोन गंज, मच्छरदाणी आणि कागदांची पिशवी, जुन्या लुगड्यात बांधलेली. लाकडाच्या टालीच्या, म्हणजे वखारीच्या, भिंतीला लागून ती फूटपाथवर राहायची. आम्ही पोचेपर्यंत ती गाठोडं घेऊन ताठ उभी असे.

मी त्या पथकात कारकून होतो, पंचनामे लिहायचो. फूटपाथवर ठेवलेलं सामान जप्त करायचं, असा नियम होता. माणसाच्या अंगावरच्या सामानाबद्दल त्यात अक्षर नव्हतं. आमच्या साहेबांपेक्षा तिलाच तो जास्त पाठ. "भुईवर हाये तं तुमचं, डोक्श्यावर हाये तं माहं," ती म्हणायची. गाडीला उशीर झाला तर उलट आम्हालाच दटावायची, "काहून गा बाबू, मान दुखून राहिली माही." मजूर हसायचे, मीही हसायचो. आता त्या हसण्याची लाज वाटते.

तरुणपणी तिनं याच टालींवर जळाऊ लाकडाचे फाटे वाहिले होते. नवरा गेला, भाड्याची खोली गेली. महापालिकेच्या निवाऱ्यात का जात नाही, असं एकदा विचारलं, तर म्हणाली की तिथं रात्रीपुरतं झोपू देतात, सामान ठेवू देत नाहीत. शिवाय ही जागा ती रोज झाडायची. "जागा सरकारची असन, पर झाडतो तं मी."

मे महिन्यात एकदा कारवाई लांबली. भर दुपारी दोन तास गाडी तिथंच उभी. पार्बताबाईचे पाय लटपटताना दिसले, तेव्हा मला राहवलं नाही. म्हटलं, "ठेवा खाली, बाई. मी उभा आहो ना." तिनं माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि गाठोडं उतरवलं.

तेवढ्यात साहेबांनी मला रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला बोलावलं. एका चहाच्या टपरीचा पंचनामा होता. परत आलो तेव्हा गाठोडं गाडीत होतं. ती नुसती बसून होती. मी साहेबांना विनवलं. गाडीत चढलेलं सामान आता गोदामातूनच सुटेल, पत्त्याचा पुरावा आणा, असं ते म्हणाले. तिला कुठला पत्ता? मालकाच्या रकान्यात मी माझ्याच हातानं लिहिलं, 'बेवारस'. तिची बाजू घेऊन भांडलो नाही. नोकरी जाईल म्हणून भ्यालो, हे खरं आहे.

चार दिवसांनी गाठोडं माझं आहे असा खोटा अर्ज करून, माझ्या घरचा पत्ता देऊन मी ते सोडवलं. रविवारी सकाळी तिच्याकडे घेऊन गेलो. तिनं गाठ सोडली, कागद पाहिले, गंज पाहिले, पुन्हा घट्ट बांधलं. मग गाठोडं डोक्यावर घेऊन उभी राहिली.

"आज गाडी नाही, बाई. ठेवा खाली."

"तुमी आले ना, बाबू," ती म्हणाली.

आवाजात राग नव्हता. मी निघालो. थोडं पुढं जाऊन वळून पाहिलं, ती तशीच उभी होती. मी दिसेनासा होईपर्यंत ती ते ओझं उतरवणार नव्हती. मी भरभर चालू लागलो.