यमुनीची बाजू घेणारी बाई

महाल भागातल्या एका अरुंद गल्लीत सुभद्राबाईंचं दोन खोल्यांचं घर आहे. पुढे छपरी, छपरीत एक लाकडी पलंग आणि चार प्लास्टिकच्या खुर्च्या. दर रविवारी दुपारी तीन वाजता तिथं सात-आठ माणसं जमतात आणि सुभद्राबाई कादंबरी वाचून दाखवतात. कादंबरी एकच. ‘दोन भोंग्यांमधली माणसं’. संपली की पुन्हा पहिल्या पानापासून.

मी बँकेतून निवृत्त झाल्यावर प्रताप नगरहून तिथं जायला लागलो. पहिल्या दिवशी मला गंमत वाटली होती. एकच पुस्तक किती वेळा ऐकणार? मग कळलं की ही माणसं नुसती ऐकत नाहीत. गिरणीच्या वस्तीवरची ती जुनी कादंबरी आपल्या आयुष्याशी ताडून बघतात. नत्थूजी तीस वर्षांपासून येणारे. गिरणीत ते सुभद्राबाईंच्या नवऱ्याच्या, रुपरावांच्या, शेजारच्या मागावर होते. लेखकाला मागावरचा आडवं सूत नेणारा धोटा कोणत्या बाजूनं सुटतो हे कळलेलंच नाही, असं ते प्रत्येक वेळी त्याच पानावर सांगायचे. आणि नळावरचं भांडण आलं की डोळे मिटून हसायचे. शेजारच्या कुसुमताईंना बायका एका पातेल्यातलं वरण पाच घरांत वाटून घेतात तो भाग आवडायचा. तो झाल्यावर त्या थोडा वेळ वाचन थांबवायला लावायच्या.

एका जागी मात्र छपरीत गरमागरमी व्हायची. कादंबरीत संप होतो आणि यमुनी नावाची कामगार बाई, तान्हं मूल आजारी म्हणून, मागच्या दारानं गुपचूप कामावर जाते. तिथं नत्थूजी हमखास शिव्या द्यायचे. बाकीचे मान हलवायचे. सुभद्राबाई एकट्या यमुनीची बाजू घ्यायच्या. फार बोलायच्या नाहीत. “तिचंही काही असन,” एवढंच म्हणायच्या आणि पान उलटायच्या.

नत्थूजींच्या रागाला कारण होतं. त्यांच्या खऱ्या गिरणीतही ऐंशीच्या दशकात सहा महिने संप झाला होता. तो फुटला आणि पुढारपण करणाऱ्यांना परत घेतलं नाही. नत्थूजी त्यातले एक. उरलेलं आयुष्य त्यांनी हातगाडीवर भाजी विकून काढलं.

कुसुमताईंची मुलगी दामिनी याच छपरीत वाढली. सुभद्राबाईंचं स्वतःचं मूल जगलं नाही. सातवीपर्यंत शिकलेल्या या बाईनं दामिनीचं बोट ओळींखाली फिरवत तिला वाचायला शिकवलं, तेही याच कादंबरीवर. दामिनी पुढे मराठीची प्राध्यापक झाली, मनीषनगरला फ्लॅट घेतला. याच कादंबरीवर पुस्तक लिहायचं तिनं ठरवलं तेव्हा सगळ्या छपरीला अभिमान वाटला. समीक्षकांचं नको, वाचणाऱ्या-ऐकणाऱ्या माणसांना ही कादंबरी का आवडते ते लिहायचं, असं ती म्हणायची. वर्षभर ती मोबाइलवर सगळ्यांचं बोलणं रेकॉर्ड करून नेत होती.

त्याच वर्षी एका दुपारी, घरात दोघीच असताना, तिनं सुभद्राबाईंना विचारलं की तुम्ही दर वेळी यमुनीची बाजू काहून घेता. सुभद्राबाईंनी आधी तिला मोबाइल बंद करायला लावला. मग चाळीस वर्षांत कोणालाही न सांगितलेली गोष्ट सांगितली.

त्या स्वतः गिरणीत रीलिंग खात्यात होत्या, सुताच्या लडी बांधायच्या कामावर. संपाच्या पाचव्या महिन्यात रुपराव निदर्शनं करताना पकडले गेले आणि तुरुंगात होते. सुभद्राबाईंना दिवस गेले होते. बहिणीकडे पापड लाटायला जाते असं गल्लीत सांगून त्या नऊ दिवस मागच्या फाटकानं कामावर गेल्या. कादंबरीतल्या यमुनीसारखं आजारी मूल वगैरे काही नव्हतं. त्यांना भूक सहन होत नव्हती, एवढंच. रुपराव सुटून आले, वस्तीनं त्यांना हार घातले, पुढे बारा वर्षांनी ते वारले. त्यांना हे कधी कळलं नाही.

“हे कुठं लिहू नको वं,” सुभद्राबाई म्हणाल्या. दामिनीनं त्यांचा हात धरला आणि हे माझ्यापाशीच राहील असं सांगितलं.

मागच्या पावसाळ्यात पुस्तक आलं. प्रकाशन समारंभाला मी गेलो होतो. दोन प्रती घेतल्या आणि त्यातली एक रविवारी मोठ्या कौतुकानं छपरीत नेली. मी स्वतः अजून वाचलं नव्हतं. सगळ्यांनी मुखपृष्ठावरून हात फिरवला, आपापली नावं शोधली. नत्थूजींचं धोट्याबद्दलचं म्हणणं त्यांच्या नावानिशी छापलं होतं, ते त्यांनी दोनदा वाचून घेतलं. पुढल्या रविवारी यातलंच एखादं प्रकरण वाचू, असं ठरवून सुभद्राबाईंनी ती प्रत ठेवून घेतली.

त्याच रात्री त्यांनी ती वाचायला घेतली. सातव्या प्रकरणात ती नऊ दिवसांची गोष्ट होती. पापडांचं निमित्त होतं, मागचं फाटक होतं, भूक होती. सुरुवातीलाच लिहिलं होतं की सांगणारीचं नाव इथं देत नाही. आणि लगेच पुढच्या वाक्यात, ती महालातल्या एका गल्लीत तीस वर्षांपासून हीच कादंबरी शेजाऱ्यांना वाचून दाखवते.

दुसऱ्या दिवशी सुभद्राबाई ऑटो करून मनीषनगरला गेल्या. तिथं काय झालं ते त्यांनी नंतर मला सांगितलं. दामिनीनं त्यांना सोफ्यावर बसवलं, चहा ठेवला आणि आपण होऊनच विषय काढला. नाव कुठंच टाकलेलं नाही, म्हणाली. फार आदरानं लिहिलंय, ज्यांनी ज्यांनी वाचलं त्या सगळ्यांना तेच प्रकरण आवडलंय, यमुनीकडे बघायची लोकांची नजर त्यानं बदलेल. सुभद्राबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

“तू मले एकदा विचारलं काहून नाही?”

 दामिनी म्हणाली, “विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हटलं असतं, मावशी.”

चहा यायच्या आत सुभद्राबाई उठल्या. जिना उतरताना मनात एकच होतं, असं त्या मला म्हणाल्या. आपण चोरी केली ती भुकेपोटी केली. या पोरीला कशाची भूक होती, हे त्यांना समजत नव्हतं.

रविवारी नेहमीसारखी सगळी जमली. मी तोवर सातवं प्रकरण वाचलं होतं आणि पुस्तक आपणच तिथं नेलं म्हणून स्वतःवर चिडलो होतो. आज सुभद्राबाई काही तरी कारण काढून वाचन टाळतील, असं मला वाटलं. त्यांनी चष्मा लावला आणि सातवं प्रकरणच काढलं. आवाज न चढवता, न उतरवता सगळं वाचलं. पापडांपाशी कुसुमताईंनी मान वर केली. पुढच्या पानापर्यंत सगळ्यांनाच कळलं होतं, पण कोणी हललं नाही. वाचून झाल्यावर त्यांनी पुस्तक मिटलं.

“हे मीच आहो. तुमाले दुसऱ्या कोणाकडून कळण्यापरीस मीच वाचलं.”

नत्थूजींनी विचारलं, “रुपरावले माहीत होतं?”

“नाही, भाऊजी.”

ते उठले. चपला घालायला त्यांना वेळ लागला. कोणी थांबवलं नाही आणि ते गेले. कुसुमताई तोंडाला पदर लावून रडत होत्या. आपल्या पोरीनं केलं म्हणून, आणि भिंतीला भिंत लागून राहूनही सुभद्रानं आपल्याला कधी सांगितलं नाही म्हणूनही. दोन्ही त्या बोलून दाखवत होत्या आणि यातलं कोणतं जास्त लागलं हे त्यांनाही सांगता येत नव्हतं.

नत्थूजी त्यानंतर आले नाहीत. महिनाभरानं मी त्यांच्या घरी गेलो. मला वाटलं होतं की संप मोडणाऱ्यांवरचा जुना राग निघेल. ते म्हणाले, “गेली तर गेली, गा. नऊ दिवसानं काय संप तुटते? पण तीस वर्षं मी तिच्या तोंडावर शिव्या देऊन राहिलो, आन ती वाचत राहिली. तिनं मले एकदा चूप तरी करायचं होतं.”  त्यांच्या सुनेनं पाणी आणून दिलं ते पिऊन मी निघालो.

मी हे सुभद्राबाईंना जसंच्या तसं सांगितलं. त्या दुसऱ्या दिवशी सकाळी एकट्याच त्यांच्याकडे जाऊन आल्या. अर्धा तास बसल्या म्हणे. काय बोलणं झालं ते दोघांनीही मला सांगितलं नाही. नत्थूजी आता रस्त्यात भेटले की सुभद्राबाईंची चौकशी करतात, पण रविवारी येत नाहीत.

वाचन चालू आहे. येणारे चार-पाच राहिलेत.

या उन्हाळ्यात दामिनीच्या पुस्तकाला एक पुरस्कार मिळाला आणि दुसरी आवृत्ती निघायची ठरली. तिनं फोन करून सुभद्राबाईंना सांगितलं की सातवं प्रकरण मी काढून टाकते. मी तेव्हा छपरीतच होतो. सुभद्राबाई म्हणाल्या, “राहू दे. लोकाईनं वाचलेलं तू कसं काढशीन?” दामिनी बराच वेळ काही तरी बोलत होती. सुभद्राबाई नुसतं हं हं करत होत्या. शेवटी प्रकृतीला जप म्हणाल्या आणि फोन ठेवला.

दामिनी आईकडे आली की अजूनही छपरीत डोकावते. सुभद्राबाई तिला बसायला सांगतात, सरबत देतात. भाजीचे भाव, मनीषनगरचा पाणीपुरवठा, तिच्या कॉलेजच्या परीक्षा, सगळं विचारतात. मागच्या आठवड्यात बोलता बोलता दामिनीनं विचारलं, रुपरावकाकांनी ती कादंबरी पहिल्यांदा घरी आणली तेव्हा तुम्ही दोघं ती एकत्र वाचायचात का. सुभद्राबाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि आता काही आठवत नाही, असं सांगितलं. मग तिला आणखी सरबत हवं का, ते विचारलं.