रत्नमाला मॅडमच्या पोटातलं दुखणं

रत्नमाला मॅडमना शिष्यांचं फार कौतुक. परीक्षेत कुणाला चांगले गुण पडले की छावणीतल्या आपल्या पियानोच्या क्लासात पेढे त्याच वाटायच्या. पण हे कौतुक ठरावीक उंचीपर्यंतच. मूल त्यांच्या खांद्याला लागलं की त्यांचं हसू आखडायचं. झेबा तर त्यांच्या डोक्याच्याही वर गेली होती.

झेबा म्हणजे शहागंजातल्या बॅटरीवाल्या कय्युमभाईंची मुलगी. मॅडमकडे आली तेव्हा तिचे पाय पेडलपर्यंत पोचत नव्हते. आता मुंबईच्या मोठ्या गुरूंकडे शिकून ती युरोपातल्या एका स्पर्धेत उतरायला निघाली होती. स्पर्धा कसलेल्या वादकांची; नुसती निवड झाली तरी नाव होतं. पहिली चाळणी व्हिडिओवर, तोही न थांबता एका दमात वाजवलेला. आणि वय तिशीच्या आत हवं.

ती अट मॅडमना तोंडपाठ होती. अठ्ठावीसच्या असताना त्यांनीही याच स्पर्धेची तयारी केली होती. आई अंथरुणाला खिळली, तयारी राहिली, आणि आई गेली तोवर तिशी उलटली होती. त्या राहत त्या भीमनगरात ही स्पर्धा कुणाला ठाऊकच नव्हती, त्यामुळे हळहळायलाही कुणी नव्हतं.

मे महिन्यात झेबाचा फोन आला. "मॅडम, मुंबईचा हॉल ऐनवेळी कॅन्सल झाला. शनिवार शेवटचा दिवस हाय. तुमच्याकडं रेकॉर्डिंग करू का? आपल्या शहरात दुसरा धड पियानो हाय कुठं?"

"ये की बाळा," मॅडम म्हणाल्या. फोन ठेवला आणि क्लासात जाऊन पियानोच्या खोलीत कूलर लावला.

पाहुणा यायचा म्हणून आधीपासून कूलर लावून ठेवणं ही आपल्याकडची माणुसकी. पण पियानोला कूलरची ओल सोसत नाही. लाकूड फुगतं आणि दाबलेली पट्टी वर येईनाशी होते. पूर्वी क्लासात उन्हाळाभर कूलर चाले. पुढे मुंबईहून पियानोचे सूर लावायला आलेल्या ट्यूनरनं कान उपटले, तेव्हापासून मॅडमनी त्या खोलीत कूलर लावला नव्हता. म्हणजे केलं ते जाणूनबुजूनच. शुक्रवारी मधली एक काळी पट्टी चिकटू लागली. मॅडमनी दोनदा दाबून खात्री केली आणि, खोटं कशाला बोला, त्यांना बरं वाटलं.

शनिवारी झेबा आली, कूलर बंद करून कॅमेरा लावला आणि वाजवायला बसली. मॅडम दारात उभ्या राहिल्या. ती जागा आली. पट्टी खाली गेली आणि तिथंच बसली. झेबानं न थांबता डाव्या हाताच्या चिमटीनं पट्टी वर उचलली आणि पुढे गेली. पुन्हा ती पट्टी आली, पुन्हा चिमटी. लय तसूभरही हलली नाही. मॅडमच्या पोटात आग पडली. असं वाजवणं त्यांना विशीतही जमलं नव्हतं, आणि हे त्यांच्याइतकं नेमकं कळणारं शहरात दुसरं कुणी नव्हतं.

वाजवून झाल्यावर झेबा खळखळून हसली. "मॅडम, ही पट्टी अजून रुसतीच व्हय? लहानपणी उन्हाळ्यात लई रडवलं हिनं. तुम्हीच म्हणायच्या ना, पट्टी अडली तरी आपण थांबायचं नाय."

मॅडम हे साफ विसरल्या होत्या. ट्यूनर यायच्या आधीचे सगळे उन्हाळे झेबा याच चिकट्या पट्ट्यांवर शिकली होती. गुरूची विद्या गुरूलाच फळली.

"आणि माझ्यासाठी खोली किती थंड करून ठेवलीत," झेबा त्यांच्या गळ्यात पडत म्हणाली, "अम्मी पण एवढं करत नाय." मॅडमना हात वर करून तिच्या पाठीवर ठेवणंही जड गेलं.

झेबाची निवड झाली. मिठाई घेऊन आली ती हट्ट धरूनच. पहिली गुरू म्हणून मॅडमनी सोबत युरोपला यायचं, अब्बांनीही होकार दिला होता. मॅडमनी बर्फीचा तुकडा तोंडात धरला, तो गिळवेना. रात्रभर तळमळल्या. आणि सकाळी उठून पासपोर्टच्या फोटोसाठी इस्त्रीची साडी नेसल्या.

शेजारच्या लीलाबाईंपासून मॅडमचं काही लपत नसे. त्यांनी फाटकातच अडवलं. "तिचं नुसतं नाव निघालं तरी तुमच्या पोटात दुखतंय. मग येवढ्या लांब कशापायी जाता?"

"दुखतंयच," मॅडम म्हणाल्या. "पण जळायचंच हाय, तर हितं एकटीनं कशाला? तिथं जाऊन पहिल्या रांगेत बसून जळते."