गाव मोठं की माणूस

मे महिन्याच्या सुट्टीत लातूरहून निघाले, तेव्हा माझ्याकडे अंबरनाथच्या भिकाजीकाकांचा पत्ता होता. माझ्या शाळेतल्या मैत्रिणीचे ते मामा. प्रजासत्ताक नवंनवं होतं त्या वर्षांत ते शाळेत जात होते. नागरिकशास्त्र शिकवताना मला नेहमी वाटायचं, ते दिवस पाहिलेल्या कुणाशी तरी बोलावं.

कल्याणला बसमधून उतरले आणि रिक्षानं उल्हासनगर गाठलं. कॅम्प दोनच्या बाजारात चपलेचा अंगठा तुटला. चप्पल शिवून होईपर्यंत शेजारच्या गाडीवर डाळ-पकवान (कुरकुरीत मोठी पुरी आणि घट्ट हरभरा डाळ) खाल्लं. गाडीवाले सिंधी गृहस्थ म्हणाले, "ताई, फोटो नंतर काढा. पकवान नरम पडेल, मग मला बोलाल."

अंबरनाथला भिकाजीकाका दारातच उभे होते. वय सत्त्याऐंशी, अंगात कडक इस्त्रीचा शर्ट. छप्पन साली वडिलांबरोबर बौद्ध झाले, पुढे कारखान्यात आयुष्य गेलं.

"आमच्या गुरुजींनी विचारलं होतं, नव्या देशाचा पाया कोणता?" ते सांगू लागले. "माझा दोस्त दत्तू म्हणाला, गाव. मी म्हणालो, माणूस. एकटा माणूस. माझी आई विहिरीपाशी घागर घेऊन ताटकळायची, कुणीतरी वरून पाणी ओतेल म्हणून. गावाचं त्यावरही एकमतच होतं."

"दत्तूकाका आता कुठे असतात?"

"बदलापूरला. वर्ष झालं, बोलत नाही माझ्याशी."

कारण ऐकून मला आधी हसू आलं. दत्तूकाका त्यांच्या सोसायटीचे अध्यक्ष. सुनीता नावाची एक बाई तिथे घरातून पोळी-भाजीचे डबे देते. धुराच्या तक्रारीवरून सोसायटीनं एकमतानं तिचं काम बंद करायचं ठरवलं. भिकाजीकाकांनी तिला सरकारी कचेरीत द्यायचा अर्ज लिहून दिला आणि ठराव अडकला.

"चला, दत्तूकडे जाऊ," ते एकदम म्हणाले. "पाहुणी बघून दार तरी उघडेल."

रिक्षातून मलंगगडाची रांग दिसत होती. काका मात्र सारखा शर्टाचा गळा नीट करत होते.

बदलापूरच्या शिरगावात दत्तूकाकांची भाताची खाचरं होती, तिथेच आता त्यांची इमारत उभी आहे. दार त्यांनीच उघडलं. मला म्हणाले, "या बाई." मग भिकाजीकाकांकडे वळून, "तू पण ये. बाहेर काय उभा?"

टपोरी जांभळं समोर आली आणि लगेच वाद सुरू झाला.

"माझं भात पुरात गेलं, तेव्हा पुन्हा लावणी करायला कायदा आला होता का रे? गाव आलं."

"तुला आलं. माझ्या आईला कोण आलं?"

दत्तूकाका खाली बघत राहिले. "विहिरीचं पाप होतं. पण म्हणून गावच नको?"

"गाव हवं की. सुनीताला मीटिंगला बोलावलं होतंस?"

"एकमत झालं होतं."

"तिला सोडून."

 दत्तूकाका उठले, कठड्याला धरून जिना उतरले आणि सुनीताला स्वतः घेऊन आले. तिच्या हाताला कणीक तशीच होती.

"पोरी, तुला विचारायला पाहिजे होतं. चुकलं."

तिचे डोळे भरले, पण आवाज ठाम होता. "बाबा, धूर होतो हे खरंय. पंखा बसवते. अर्ज मात्र मागे नाही घेणार. आधी मला सगळ्यांसमोर बोलू द्या."

"रविवारी बोल."

भिकाजीकाका खुदकन हसले. "बघ!"

"तू गप रे. मीटिंग गावाचीच आहे."

परतीच्या बसमध्ये मी दोघांपैकी कोण बरोबर ते ठरवत बसले आणि शेवटी नाद सोडला. सत्तर वर्षं एकमेकांना न पटलेली ही माणसं मला सारखीच आवडली होती. दोघांनाही देश चांगलाच व्हायला हवा होता.

रविवारी भिकाजीकाकांचा फोन आला. सुनीताला परवानगी मिळाली होती.

"आणि दत्तूकाका?"

"त्यानं विरोधात हात वर केला. हरला. मग तिथेच उभा राहून म्हणाला, उद्यापासून मला दोन डबे. एक माझा, एक भिकाजीचा, तो रोज इथे जेवायला येणार आहे. मला न विचारता ठरवलं बघा!"